पुतळ्यापाशी थांबजो

खरं सांगायचं तर मी फिरायला गेलोच नव्हतो, तारखेला गेलो होतो. पण गेली सहा वर्षं आमच्या घरात तारखेला जाणं हाच काय तो प्रवास उरलाय, त्यामुळं प्रवासवर्णन लिहायचं तर त्याचंच लिहावं लागेल, गोवा-बिवा सध्या विसरा. सकाळी सहाला उठायचं, फाईल घ्यायची, आधारच्या तीन झेरॉक्स घ्यायच्या (दर वेळी दोनच लागतात, पण ज्या दिवशी दोन नेल्या त्या दिवशी तीन मागितल्या होत्या), डबा घ्यायचा आणि मोरभवनला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीतल्या एसटी स्टँडवर, जाऊन आत्याला ताब्यात घ्यायचं.

आत्या म्हणजे माझी सख्खी मोठी आत्या, वय ७६. केसमध्ये ती वादी नंबर एक आणि मी प्रतिवादी नंबर तीन. म्हणजे कागदोपत्री आम्ही एकमेकांच्या विरोधात आहोत आणि प्रत्यक्षात तिचा पोरगा तिला सकाळी मोरभवनला माझ्या हवाली करतो, त्याला ड्युटी असते, आणि संध्याकाळी तिथूनच परत घेऊन जातो, मधला सगळा दिवस वादी आणि प्रतिवादी एका सीटवर बसतात, एकाच डब्यातलं खातात. आमच्या वकील साहेबांना हे आवडत नाही. एकदा म्हणाले, भाऊ निदान कोर्टाच्या गेटातून तरी वेगवेगळे येत जा ना.

गावाचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. नागपूरपासून दीड तासावरचं तालुक्याचं गाव, संत्र्याच्या पट्ट्यातलं, एवढं पुरे.

नोव्हेंबर संपत आला होता, म्हणजे सकाळी स्वेटर आणि दहा वाजता तोच स्वेटर कमरेला. गाडीत बसल्या बसल्या कंडक्टर आला. आत्याचं तिकीट शून्याचं, ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, पण मशीनमधून ते शून्याचं तिकीट निघतं आणि आत्या ते व्यवस्थित घडी करून पाकिटात ठेवते. सहा वर्षांच्या तारखांमधली जेवढी शून्याची तिकिटं आहेत तेवढी सगळी तिच्याकडं आहेत. मी म्हटलं टाकून दे ना, काय करते त्याचं. तर म्हणे, "असू दे, कागद होय. कागद टाकून देल्ला म्हणूनच तर हे दिवस आले." टोमणा होता की साधंच बोलली ते कळलं नाही, आत्याचं कधीच कळत नाही.

शहर सुटलं की थोड्या वेळानं संत्री सुरू होतात. आंबिया बहाराचा माल निघत होता, रस्त्याच्या कडेला ढीग, ढिगापाशी खाटेवर माणूस, क्रेट भरलेली छोटी गाडी. आत्या खिडकीतून बघत होती आणि दर दहा मिनिटांनी झाडावरच्या मालाचा अंदाज सांगत होती, हे चांगलं लागलं, इकडं गळ झाली. ज्या शेतावरून आमची केस आहे त्यात एकही संत्र्याचं झाड नाही, नुसती कपाशी आणि तूर, आणि आता त्यातून रस्ता जातोय म्हणून मोबदला आलाय. मोबदला आला नसता तर केसही आली नसती, हे दोन्हीकडच्या वकिलांना, आम्हाला आणि बहुतेक जज साहेबांनाही माहीत आहे.

उतरल्यावर पहिलं काम तर्री पोहे. आत्याची ऑर्डर ठरलेली, "तर्री येगळी दे बाप्पा, पोह्यावर नको टाकू." मग ती सगळी तर्री स्वतःच पोह्यावर टाकते.

आता कोर्ट. पुढं जुनी कौलारू इमारत, मोठा व्हरांडा, तिच्या मागं नवीन आरसीसी, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत एक कडुनिंब आणि कडुनिंबाखाली पुतळा. पुतळा म्हणजे अर्धाच, छातीपर्यंतचा, छातीएवढ्या ओट्यावर बसवलेला, भोवती लोखंडी कठडा. आणि त्या कठड्याला धरून सगळं कोर्ट चालतं असं म्हटलं तरी चालेल. एका बाजूला स्टॅम्प व्हेंडर, दुसऱ्या बाजूला छत्रीखाली नोटरी, त्याच्या बाजूला अर्जनवीस काकांचं टेबल, मागं झेरॉक्स, कठड्यावर वाळत घातलेला एक काळा कोट, आणि सावलीत पक्षकार बसलेले, बाया एका बाजूला गडी एका बाजूला. शंभरचा स्टॅम्प गेला, पाचशेचा आला यावर एक म्हातारा व्हेंडरशी भांडत होता, जणू ते व्हेंडरनंच केलं.

वकील साहेबांचा फोन आला की एकच वाक्य असतं, "पुतळ्यापाशी थांबा, आलोच." साक्षीदाराला आम्ही सांगतो पुतळ्यापाशी ये. आत्या तिच्या पोराला फोनवर सांगते, "पुतळ्यापाशी बसून हाओ." सहा वर्षांत मी त्या पुतळ्यापाशी किती तास काढले असतील त्याचा हिशोब केला तर एखादा कोर्स झाला असता. आणि या सहा वर्षांत मी त्याचं नाव एकदाही वाचलेलं नव्हतं.

त्या दिवशी वाचायला गेलो त्याचं कारण एवढंच की मोबाईलला रेंज नव्हती.

ओट्यावर संगमरवरी पाटी आहे. सगळ्यात वर "कै." आहे. त्यापुढचं नाव वाचता येत नाही. झालं काय की दर वर्षी जयंतीला पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट मारतात, आणि रंगवणारा प्रामाणिक माणूस असावा, तो पुतळ्यासोबत पाटीवरच्या वरच्या मोठ्या अक्षरांवरूनही ब्रश फिरवतो, त्यामुळं कोरलेल्या खाचा वर्षावर्षाच्या रंगानं भरून सपाट झाल्यात आणि नावाच्या जागी नुसता एक सोनेरी पट्टा उरलाय. खाली "माजी आमदार" निम्मं दिसतं. त्याच्या खालची बारीक अक्षरं मात्र रंगवणाऱ्यानं सोडून दिली, त्यामुळं ती आजही खणखणीत. अनावरण कोणाच्या शुभहस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक, निमंत्रक, बांधकाम, सौजन्य. मी मोजली, २३ नावं आहेत. ज्याचा पुतळा आहे तो सोडून सगळे वाचता येतात.

व्हेंडरला विचारलं, हा कोणाचा पुतळा होय?

"साहेबाचा."

"साहेबाचं नाव काय?"

"आमदार होते ना."

"ते समजलं, नाव?"

तो स्टॅम्पच्या रजिस्टरमध्ये नोंद करत होता, मान वर न करता म्हणाला, "तुमाले स्टॅम्प पायजे का?"

एका ज्युनिअर वकिलानं एक नाव सांगितलं. चहावाल्यानं सांगितलं ते त्या माणसाच्या भावाचं निघालं. मी नाव इथं देत नाही कारण नाव दिलं की गाव कळतं, पण गंमत बघा, दिलं असतं तरी त्या आवारातल्या निम्म्या लोकांना ते माझ्याकडूनच पहिल्यांदा कळलं असतं.

शेवटी अर्जनवीस काकांकडं गेलो. काका १९७४ पासून त्याच झाडाखाली बसतात, आता टेबलावर कॉम्प्युटर आहे पण टेबलाखाली टाईपरायटरही आहे, लाईट गेली की वर येतो. मी विचारल्यावर त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग पुतळ्याकडं, मग हातातलं काम बाजूला ठेवलं. त्या दिवशी काकांनी काम बाजूला ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"साहेब इथलेच वकील. याच व्हरांड्यात बसत, तो तिसरा खांब दिसते ना, तिथं. फी मागाची पद्धत नव्हती त्यायची. पैसे नसन त म्हणत हंगामाले दे. मंग हंगाम आला का कोणी तुरी आणून देत, कोणी संत्रं. आमदार झाले तरी सोमवारी कोर्टात येत. एकदा हे कोर्टच दुसऱ्या गावी हलवाची गोष्ट निघाली होती, त साहेब मुंबईले चार दिवस बसून राह्यले. म्हणून पुतळा इथं, कोर्टात. चौकात लावा म्हणत होते लोक, आमी म्हटलं नाही."

मी म्हटलं बरं झालं तेव्हाच लावला, आता लावता आला नसता. १८ जानेवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टानं आदेश काढला की रस्त्यावर, सार्वजनिक वापराच्या जागी पुतळ्यांना परवानगी देऊ नका. काका म्हणाले, "माहीत हाये. त्या आदेशाची झेरॉक्स मीच काढून देल्ली होती एकाले."

मग पुतळ्याबद्दल. काका म्हणाले पुतळा सिमेंटचा आहे, नागपूरच्या चितारओळीतून बनवून आणला. ज्यांनी नागपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी, चितारओळ म्हणजे महालातली मूर्तिकारांची गल्ली, गणपतीच्या आधी तिथून चालता येत नाही. तर मूर्तिकाराला फोटो एकच दिला होता, समोरून काढलेला. त्यामुळं समोरून पाहिलं तर साहेब हुबेहूब आहेत, पण बाजूनं नाक कसं आहे हे मूर्तिकाराला माहीतच नव्हतं, त्यानं त्याच्या मनानं लावलं. "बाजूनं पाह्यलं त तो मूर्तिकारच दिसते," काका म्हणाले. मी बाजूला जाऊन बघितलं. मूर्तिकार मी पाहिलेला नाही, पण समोरचा माणूस आणि बाजूचा माणूस वेगळे आहेत हे खरं. कानाच्या पाळीजवळ रंगाचा पोपडा निघालाय, आतून राखाडी सिमेंट दिसतं आणि त्याखाली आधीचा एक वेगळाच, तांबूस सोनेरी थर.

आणि चष्मा. हे मला सहा वर्षांत कसं दिसलं नाही कोण जाणे. पुतळ्याचा चष्मा खरा आहे. खरा म्हणजे माणसाचा, जाड काळ्या फ्रेमचा, काचा नसलेला, काड्या कानामागं बारीक तारेनं बांधलेल्या. आणि त्याच्यावरही सोनेरी रंग, पण आतल्या कडेला काळं दिसतं.

"मूळचा सिमेंटचाच होता. वानरानं तोडला," काका म्हणाले. "मंग दोन वर्षं साहेब बिनचष्म्याचेच होते. कोणाले काही नाही. शेवटी मी माही जुनी फ्रेम लावली."

एवढ्यात मागून आत्या आली. ती इतका वेळ ओट्याच्या कडेला बसली होती, डबा तिनं नेहमीसारखा पाटीसमोर ठेवला होता, 'शुभहस्ते'च्या बरोबर पुढं. ती काकांचं सगळं ऐकत होती. कठड्याला धरून पुतळ्याकडं वर बघत म्हणाली, "हा तो वकील होय का? व्हरांड्यातला?"

"हो बाई."

"त्याले चष्मा नव्हता."

काका म्हणाले होता. आत्या म्हणाली नव्हता. काकांनी माझ्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "माह्या कागदावर त्यानंच सही घेतली. समोर बसला होता, एवढ्या अंतरावर. नव्हता चष्मा." काकांनी विचारलं कोणतं साल? १९७८. काकांचा चेहरा मोकळा झाला, "मंग बरोबर. चष्मा आमदार झाल्यावर लागला."

आता हा कागद म्हणजेच आमची केस आहे, म्हणून थोडं सांगावं लागेल. माझे आजोबा वारले १९७७ च्या शेवटी. शेत ११ एकर, दोन मुलं, दोन मुली. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या वाट्यात मुलींना हिस्सा तेव्हाही होताच, जन्मानं सहहिस्सेदार हे नंतर आलं, महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल ११ ऑगस्ट २०२० चा, ज्याचा कागद दोन्हीकडच्या वकिलांच्या फाईलमध्ये आहे आणि दोघंही तो आपल्याच बाजूचा आहे म्हणतात. पण १९७८ मध्ये आमच्याकडं, आणि सगळ्यांकडंच, पद्धत ही की बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायचं, भावानं साडीचोळी करायची, विषय संपला. आत्यांनी करून दिलं. आता आत्याच्या पोरांचं म्हणणं की ती सही फसवून घेतली. दाव्यात तसंच लिहिलंय, आत्याच्या नावानं.

हे सगळं मी फाईलमध्ये वाचलं होतं. ते कोणी लिहून घेतलं, कुठं, कसं, हे मात्र त्या दिवशी पुतळ्याखाली पहिल्यांदा ऐकलं.

आत्या तेव्हा तिशीच्या आतली. तुझा बाप आणि मी गाडीनं आलो, म्हणाली. व्हरांड्यात त्या वकिलानं उठून खुर्ची दिली. आजूबाजूच्या सगळ्या बाया खाली बसलेल्या आणि ती खुर्चीवर, तिला इतकं कसंतरी झालं की पाय कुठं ठेवावे कळेना. मग चहा मागवला. चहा बशीत नाही, कपातच प्यायला दिला. मग म्हणाला, बाई, हिस्सा तुमचा आहे, कायद्यानं आहे, मी नाही म्हणत नाही. पण हिस्सा घ्याल तर शेत मिळेल आणि माहेर जाईल. दोन्ही नाही मिळत. घरी जाऊन विचार करा, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी ती परत आली आणि सही केली. आत्या सातवी शिकलेली, अंगठा नाही, सही. वकिलानं कागद वाळू दिला आणि म्हणाला, अक्षर सुंदर आहे बाई तुमचं.

हे सांगताना आत्यानं पदर नीट केला. "अक्षर सुंदर आहे म्हणे." काकांना परत सांगितलं. काका म्हणाले, साहेबाले अक्षराचं होतंच ते.

मी विचारलं, विचारायला नको होतं, म्हणजे वकील असतो तर नक्कीच नको होतं, "म्हणजे आत्या फसवून नाही घेतली?"

"फसवून काहून घेईन? समजावून घेतली," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, "समजावून घेतली का घरी धाडून घेतली, एकच ना पण. आठ दिवस घरी सगळे माह्या तोंडाकडं पाहत होते. तुही आजी जेवत नव्हती. त्यानं म्हटलं विचार कर. तिथं कोण विचार करू देते?"

हे वाक्य मी ऐकलं नाही असं ठरवलं. दोन्ही अर्धी. पहिल्या अर्ध्यानं माझा फायदा होतो आणि दुसऱ्या अर्ध्यानं होत नाही, आणि दोन्ही एका दमात बोललेली आहेत, वेगळी कशी काढणार. काका टाईप करायला लागले होते. मी डबा उघडला, आणि 'शुभहस्ते'समोर आम्ही पोळी, वांग्याची भाजी आणि ठेचा खाल्ला. आत्यानं पुतळ्याला नमस्कार केला नाही आणि नाकही मुरडलं नाही. फक्त एकदा वर बघून म्हणाली, "रंग लय चोपडला बाप्पा याले."

पुकारा दुपारी साडेतीनला झाला. आमच्या नंबरला समोरच्यांचे वकील म्हणजे आत्याचे वकील दुसऱ्या कोर्टात होते, मुदतीचा अर्ज, मंजूर, पुढची तारीख जानेवारीची. आत उभं राहायला एक मिनिटही लागलं नसेल. पट्टेवाल्यानं आम्हाला एकत्र बाहेर पडताना बघितलं आणि हसला, त्याला आता सवय आहे.

गेटाबाहेर वकील साहेब भेटले, मी विचारलं किती वर्षं अजून. म्हणाले इथं दोन, मग डिस्ट्रिक्टला अपील, मग हायकोर्टात सेकंड अपील, बघू. हायकोर्ट म्हटलं की मला ती सिव्हिल लाईन्समधली इमारतच डोळ्यासमोर येते, कारण एकदा मित्रासोबत नुसताच गेलो होतो आणि केसपेक्षा छतच बघत बसलो. नागपूरला स्वतःचं हायकोर्ट १९३६ मध्ये मिळालं, इमारतीचा पाया ९ जानेवारी १९३७ ला घातला, मेड नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं आखली, खर्च आला ७,३७,७४६ रुपये, आणि ६ जानेवारी १९४० ला उद्घाटनाला आलेला व्हाइसरॉय लिनलिथगो तिला दगडातली कविता म्हणाला. मग १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, राजधानी गेली, हायकोर्टाचं मुख्य ठाणं जबलपूरला गेलं आणि आपल्याला मुंबईचं खंडपीठ उरलं. राजधानी गेल्याचं दुःख नागपूरकर माणूस अजूनही चहासोबत काढतो, मीही काढतो, तेव्हा जन्मलो नव्हतो तरी.

परतीच्या गाडीत आत्या झोपली आणि मी त्या व्हरांड्याबद्दल विचार करत बसलो. आपल्या विदर्भात राजकारणाचा रस्ता असा कोर्टाच्या व्हरांड्यातूनच गेलेला दिसतो. वसंतराव नाईकच घ्या, पुसदजवळच्या गहुलीचे, १९४० मध्ये एलएलबी, अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली सुरू केली, मग पुसदला तालुक्याच्या कोर्टात, आणि तिथून डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, म्हणजे ११ वर्षांच्या वर मुख्यमंत्री. पंजाबराव स्वतः बॅरिस्टर. वणीचे बापूजी अणे यवतमाळला वकील. आपले शेषराव वानखेडे बॅरिस्टर, नागपूरचे महापौर होते, विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि आज अख्खा देश दिवसातून चार वेळा त्यांचं नाव घेतो पण मुंबईच्या स्टेडियमचं म्हणून, वानखेडे नागपूरचा माणूस होता हे माझ्या ऑफिसातल्या क्रिकेटवेड्या पोट्ट्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. नरकेसरी बॅरिस्टर अभ्यंकर, स्वराज्य पक्षाकडून दिल्लीच्या कायदेमंडळात गेलेले, आज अभ्यंकर नगरातल्या फ्लॅटचा रेट आहेत.

आणि नाईकांची तर उलटीच गंमत. ते शिकले मॉरिस कॉलेजात. सरकारनं त्या कॉलेजला त्यांचंच नाव दिलं, वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. नागपुरात कोणत्याही ऑटोवाल्याला हे पूर्ण नाव सांगून बघा, तो तुम्हाला तीनदा विचारेल आणि मग म्हणेल, मॉरिस कॉलेज बोला ना भाऊ. मॉरिस कोण ते त्यालाही माहीत नाही, मलाही तसा काल-परवापर्यंत इंग्रज होता एवढंच माहीत होतं.

गाडी सदरवरून आत आली. कंडक्टर ओरडला आरबीआय, आरबीआय. त्या चौकाचं नाव आता संविधान चौक आहे, तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि हा एक पुतळा असा की ज्याखालचं नाव कोणाला वाचावं लागत नाही. पुढं झिरो माईल, चार घोडे आणि तो दगडी खांब, ज्यावर जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८, चांदा १२५ असं कोरलंय, इंग्रजांच्या सर्व्हेवाल्यांनी उभा केलेला. त्या दगडाला कोणी सोनेरी रंग दिला नाही म्हणून त्याची अक्षरं वाचता येतात, असं त्या क्षणी वाटलं. रस्त्यावर सगळीकडं अधिवेशनाची रंगरंगोटी चालू होती, दुभाजकांना पिवळा-काळा, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, दर डिसेंबरच्या आधी होतं तसं.

सिग्नलला गाडी अडकली आणि आत्या म्हणाली इथंच उतरू, पुढं मोरभवनात गर्दीत कुठं चढउतार करते. उतरलो तर समोर गोवारी स्मारक. कठड्याला हार होते, झेंडूचे, दोन दिवसांचे सुकलेले, खाली पाकळ्यांचा चिखल, एका कोपऱ्यात विझलेल्या उदबत्त्यांचा गठ्ठा. २३ नोव्हेंबर नुकताच होऊन गेला होता. १९९४ च्या २३ नोव्हेंबरला अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा इथं मॉरिस कॉलेजच्या टी-पॉईंटला अडवला होता, अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी, संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. मग तीही गोष्ट कोर्टात गेलीच, १४ ऑगस्ट २०१८ ला त्याच दगडातल्या कवितेत निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि १८ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. दर वर्षी २३ तारखेला गावोगावचे लोक येतात, हार घालतात, दिवसभर बसतात, परत जातात. वरून जो उड्डाणपूल जातो त्यालाही त्यांचंच नाव आहे.

आत्या कठड्यापाशी उभी राहिली, चप्पल काढली, हात जोडले. मी तिला पूर्ण दिवसात पहिल्यांदा कोणाला हात जोडताना पाहिलं. म्हणाली, "आमच्या गावातून एक टेम्पो आला होता त्या दिवशी. रातच्याला वापस आला. कोणी बोलेच ना. बायायच्या पायात चपला नव्हत्या."

मग चप्पल घातली, सकाळचं शून्याचं तिकीट पाकिटात आहे का बघितलं, परतीचंही त्यावर ठेवलं. तेवढ्यात पोराचा फोन आला, गाडी घेऊन निघालाय, कुठं येऊ विचारत होता. आत्या ट्रॅफिकच्या आवाजात मोठ्यानं म्हणाली, "मोरभवनाले नको येऊ रे. आमी इथं गोवारीपाशी उभे हाओ. हो, तोही हाये संगं. गोवारीपाशी ये."